तोल गेल्याचा कागद

महामाया पडली की आमच्या गावात दोन गोष्टींसाठी धावपळ व्हायची. एक कांदा आणि दुसरी चप्पल. कांदा फोडून नाकाशी धरायचा, तेवढ्यानं भागलं नाही तर चप्पल हुंगवायची. मिर्गीवर हा हमखास उपाय, हे इथं शेंबड्या पोरालाही ठाऊक. बारा वर्षांत तीस-चाळीस वेळा तरी मी हा सोहळा पाहिला. तिच्या हातचं पाणी ज्यांच्या घशाखाली उतरत नाही, तेच लोक पायातली चप्पल काढून तिच्या नाकाला लावायला सगळ्यात पुढे. त्यांच्या दयाळूपणाबद्दल मी काय बोलणार?

बोलायचं आहे ते माझ्याबद्दल. मी रमाकांत गुरुजी. धामणगाव बढ्याहून आत एका गावात अठ्ठावीस वर्षं मास्तरकी केली, तीन वर्षांपूर्वी निवृत्त झालो. माझं अक्षर फार सुरेख आहे. अर्ज, ठराव, वाटणीपत्र, काहीही लिहायचं असलं की मलाच बोलावणं येतं, आणि मीही खिशाला पेन लावूनच निघतो. या अक्षराचा मला मोठा गर्व होता.

महामाया शाळेत खिचडी शिजवायला आली तेव्हा पंचविशीची होती. बौद्धवाड्यातल्या किसनरावांची सून. तिचा नवरा प्रेमानंद पुण्याकडे बांधकामावर. बाई हसायला लागली की चौथीच्या वर्गापर्यंत ऐकू यायचं. लसणाची फोडणी पडली की पोरं ताटल्या वाजवायला लागत, आणि ती आतून ओरडायची, "थांबा ना रे! कच्ची खासान काय?" सरकारी तांदळाची अशी खिचडी मी तरी दुसरीकडे खाल्ली नाही.

महिनाही पुरा झाला नव्हता. एके दिवशी माजी सरपंच माणिकराव चार माणसं घेऊन स्वयंपाकाच्या खोलीत शिरले. आमच्याकडे शाळेच्या समितीचा अध्यक्ष कोणीही असो, शब्द माणिकरावांचाच. "हिच्या हातचं आमचे लेकरं खाणार नाहीत," म्हणाले, आणि उकळत्या खिचडीच्या पातेल्याला लाथ घातली. खिचडी ओसरीपर्यंत वाहत आली. तिचा डावा पाय भाजला. मी शेजारच्या वर्गाच्या दारात खडू हातात धरून उभा होतो. मी सगळं पाहिलं.

तिला पोलिसात जायचं होतं. संध्याकाळीच पंचायतीत बैठक बसली. किसनरावांचं सारं घर माणिकरावांच्या शेतात मजुरीला. म्हाताऱ्यानं सगळ्यांदेखत सुनेपुढे हात जोडले. "बाई, आपल्याले इथंच राह्यचं हाये." मग माणिकराव माझ्याकडे वळले. "गुरुजी, लिहा."

मी लिहिलं. 'खिचडीचे पातेले उचलताना माझा तोल गेला व ते माझ्याच हातून सांडले. माझी कोणाविरुद्धही तक्रार नाही.' माणिकराव नुसतं 'चुकून सांडलं' म्हणत होते. तोल गेल्याचं कारण मी घातलं. कागद कसा पक्का हवा! महामायानं तो दोनदा वाचला, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि सही केली.

त्या सहीच्या बदल्यात तिची चूल तेवढी राहिली. नऊ दिवसांनी तेच पातेलं उचलताना ती चुलीपाशी कोसळली. हातपाय झाडले, मान इकडून तिकडे फेकली, डोळे घट्ट मिटलेले. चांगली दहा मिनिटं चाललं. शुद्धीवर आली ती हुंदके देतच.

तालुक्याच्या डॉक्टरनं दोन मिनिटांत मिर्गी ठरवली आणि गोळ्यांची चिठ्ठी दिली. चिठ्ठी फाटू नये म्हणून किसनरावांनी तिला प्लास्टिक चढवून आणलं. त्या एका चिठ्ठीवर बारा वर्षं गोळ्या मिळत राहिल्या. दुकानदारानं विचारलं नाही, आम्हीही नाही. प्लास्टिक चढवलेला कागद खोटा कसा असेल? गोळ्यांनी तिचे हात कापायला लागले, बोलताबोलता शब्द हरवायला लागले. फिट काही थांबल्या नाहीत. विस्तवाजवळ मिर्गीची बाई नको, म्हणून चूल काढून घेतली आणि ताटल्या घासायला बसवलं. कारण इतकं रास्त, की कुणाला आडवं बोलता येईना. माणिकरावांना हवं होतं ते आयतंच झालं.

आणि फिट केव्हा यायच्या? झेंडा फडकवायला माणिकराव आले की. समितीची बैठक भरली की. एकदा तर त्यांनी फाटकाशी फक्त मोटारसायकल उभी केली होती. पोरांना मोजदाद शिकवणाऱ्या माणसाला हा हिशेब कळत नव्हता असं नाही. कळत होता. मी भेकडासारखा गप्प बसलो.

गेल्या वर्षी बुलढाण्याच्या एका डॉक्टरीणबाईंना शंका आली. त्यांनी संभाजीनगरच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं. फिट डोळ्यांनी पाहिलेला माणूस सोबत हवा होता, म्हणून मी गेलो. तिच्या डोक्याला वायरी लावल्या, समोर कॅमेरा. पहिला दिवस कोरडा गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी खाटेशेजारी बसून मी तिचा फॉर्म भरायला पेन उघडलं, आणि तिला फिट आली.

डॉक्टरांनी आम्हाला दोघांना बसवून सांगितलं. फिट चालू असताना मेंदूच्या विजेत मिर्गीची एकही खूण नव्हती. सगळ्याच फिट मिर्गीच्या नसतात. कुणाची साखर उतरते, कुणाचं हृदय ठोका चुकवतं, कुणाचा रक्तदाब एकदम पडतो. ते सारं तपासून झालं होतं, हिचं ठीक होतं. "कधी कधी मनावर असं काही बसतं की माणसाला ते बोलता येत नाही, मग शरीरच त्याच्या हाताबाहेर जातं. हे नाटक नाही. फिट खरीच आहे, फक्त मिर्गी नाही. गोळ्या एकदम सोडायच्या नाहीत, आम्ही हळूहळू कमी करू. बोलण्याचे उपचार घ्यावे लागतील." मग माझ्याकडे पाहून त्यांनी विचारलं, "पहिल्या फिटच्या आधी काही घडलं होतं का?"

मी म्हणालो, "विशेष काही नाही."

महामाया माझ्याकडे बघत राहिली. "काऊन खोटं बोलता गुरुजी?" ती म्हणाली. "इथं त माणिकराव नाही ना." आणि तिनं बारा वर्षांचं सगळं सांगितलं. लाथ सांगितली, भाजलेला पाय दाखवला, कागद माझ्या अक्षरात आहे हेही सांगितलं. सगळं सांगून झालं, तरी फिट आली नाही. मला कुठं तोंड लपवू असं झालं.

परत येताना बसमध्ये ती पदराखाली दाखला धरून बसली होती. 'मिर्गी नाही' असं त्यावर लिहिलेलं. "गुरुजी, आता मले चूल भेटंन ना?" तिनं तीनदा विचारलं. मी तिन्ही वेळा हो म्हणालो.

पुढच्या बैठकीत तिनं दाखला समितीपुढे ठेवला. मीही गेलो. माणिकरावांनी तो चष्मा लावून वाचला आणि हसले. "मिर्गी नाही? म्हंजे बारा वर्षं नाटक केलं आमच्यासंग?" मी डॉक्टरांचं बोलणं सांगायला लागलो. कोण ऐकतंय? "लिहा गुरुजी," माणिकराव म्हणाले. "नाटक केलं, माफी मागतो, काम सोडतो. हिची सही घ्या."

माझा हात सवयीनं खिशाकडे गेला होता. महामाया उठून उभी राहिली.

"लिहा गुरुजी. पण मी सांगतो थे लिहा. पातेलं म्या नाही सांडलं. माहा तोल गेला नोता. लाथ माणिकरावनं मारली."

मी लिहिलं, अक्षर न् अक्षर. खाली तिनं सही केली, आणि मी पाहिलं होतं म्हणून मीही केली. बारा वर्षं उशिरा. तिसऱ्या कुणी सही केली नाही. माणिकरावांनी कागद हातातही धरला नाही. चूल दुसऱ्या बाईकडेच राहिली, आणि ताटल्यांचं कामही उद्यापासून बंद, असं तोंडीच ठरलं. माझं अक्षर त्यासाठी लागलं नाही.

बाहेर पटांगणात ती पडली.

माणसं ओसरीवर उभी राहून बघत होती. "झालं चालू," कुणीतरी म्हणालं, आणि बाकीचे हसले. कुणी कांद्यासाठी धावलं नाही. कुणी चप्पल काढली नाही. मिर्गी होती तोवर एवढी तरी माया होती.

मी तिच्याजवळ मातीत बसलो. काय करायचं ते डॉक्टरांनी पक्कं पढवलं होतं. हातपाय दाबायचे नाहीत, तोंडात काही घालायचं नाही, डोक्याखाली मऊ काहीतरी द्यायचं. मी सदरा काढून घडी करून दिला. मग हळू आवाजात सांगत राहायचं, 'भिऊ नको, इथं तुला कुणी काही करणार नाही.'

मी ओसरीकडे पाहिलं. तिच्या नावावर एकदा खोटं लिहिलं होतं. तेवढं वाक्य मला बोलता आलं नाही.