आधी स्कॅनर, मग कॉम्प्युटर

आटपाट पेठ होती, पंचगंगेपास्नं हाकेच्या अंतरावर. तिथं मी, माझा लेक दिनू, सून सुजाता आणि एक म्हातारा स्कॅनर असे राहायचो. फोटो-झेरॉक्सचं दुकान म्हटल्यावर रोज काहीतरी घडायचंच, आणि त्यातलं निम्मं स्कॅनरच्या पायी. मला लिहिता येत नाही, म्हणून त्यातली एकही गोष्ट विसरले नाही.

आमचे मालक जत्रेतले फोटोवाले. अख्ख्या जिल्ह्याची तोंडं काढली, स्वतःचं राहिलं. दिनू दोन वर्षांचा असताना ते गेले. भिंतीवर एकच फोटो होता, तो पुरानं नेला. दिनू चाळिशीला आला तरी आरशात बघून विचारायचा, "आई, आबा असंच दिसायचं व्हय?" माझ्या डोळ्यांत होते की ते. पण तिथनं काढून लेकाच्या हातात कसे द्यायचे?

माळ्यावर निगेटिव्हच्या नऊ डब्या उरल्या होत्या. एकदा जोतिबाच्या डोंगरावर मालक म्हणाले होते, "काढ की आज माझा." मी काढला. रोल धुतला, पण कागदावर उतरवायच्या आधीच ते गेले. तसल्या मोठ्या निगेटिव्ह वाचायचा तो आमचा स्कॅनरच. झाकणात दिवा होता त्याच्या.

*

तेवढ्यात दिनूनं कॉम्प्युटर बदलला. नवीन मशीन, नवीन सिस्टीम. त्यानं स्कॅनरला ओळखच दिली नाही. दुरुस्तीवाले माने आले, दोन तास खटपट करून म्हणाले, "मावशी, नव्या सिस्टीमला ह्याचा ड्रायव्हर मिळत न्हाय. टाकून द्या आता."

सुजाता म्हणाली, "नवीन आलं म्हणून घरातल्या म्हाताऱ्याला कोण बाहेर काढतंय व्हय?"

मी म्हटलं, "काढत्यात की. तू शेजारी बघ जरा."

*

स्कॅनरला ओळखणारा जुना कॉम्प्युटर कागलच्या भाच्याला देऊन टाकला होता. त्याच्याकडं तो क्रोशाचा रुमाल अंगावर घेऊन बसला होता, वर फुलदाणी. मी उचलला आणि यष्टीत मांडीवर घेऊन बसले.

कंडक्टर म्हणाला, "आजी, खाली ठेवा की ते खोकं."

"नको बाबा, हादरे बसत्यात. माझा मालक हाय ह्यात."

त्यानं डोक्यावरची टोपी काढली. मागं कुणाचा तरी मोबाईल वाजत होता, तो बंद झाला. स्टँड आलं. उतरताना एका बाईनं खोक्याला हात जोडले, मग मीही जोडले.

*

त्या जोडीचा एक नेम होता. आधी स्कॅनर चालू करायचा, त्याची घरघर थांबू द्यायची, मगच कॉम्प्युटर. उलटं झालं की दोघं एकमेकांचं तोंड बघत नसत. मान्यांनी तीन वेळा उलटं केलं.

"माने, आधी काकडा, मग देव उठतोय."

"मावशी, असं कॉलेजात शिकवलं न्हाय."

त्यांनी कागदावर लिहून भिंतीला डकवलं. मला काय उपयोग? मी स्कॅनरच्या बटणाला एक टिकली लावली, कॉम्प्युटरच्या बटणाला दोन.

*

खंडेनवमीला सुजातानं यंत्रं पुजली. स्कॅनरचं झाकण उघडून काचेवरच कुंकू वाहिलं. दसरा झाल्यावर शाहूवाडीचे एक पाटील स्वतःचा फोटो घेऊन आले. स्कॅन केला, तर बरोबर कपाळावर लाल ठिपका.

दिनू म्हणाला, "पावणं, चुकलं. पुसून परत काढतो."

पाटलांनी चष्मा लावला. "ऱ्हाऊ दे. बायको रोज सांगायची, मोकळ्या कपाळानं भाईर पडू नका. आता सांगायला न्हाय ती." तोच घेऊन गेले.

*

मग दुपारची गिऱ्हाइकी सरली की एकेक डबी निघायची. पैलवान, बैल, नवरा-नवऱ्या, सगळे वर आले. ऐकून लोक यायला लागले. वारणानगरची एक बाई आली. जत्रेतल्या गर्दीत तिला तिची आई सापडली, बांगड्या भरताना.

बराच वेळ बघून तिनं विचारलं, "ह्यात आवाज येत न्हाय व्हय?"

"न्हाय गं बाई."

"असू दे. बोलायची न्हायच ती फारशी."

*

नववी डबी उघडली तेव्हा दिव्याची फडफड सुरू झाली होती. माने म्हणाले, "एखादं चित्र निघंल, जास्त न्हाय."

दिनूनं निगेटिव्हची पट्टी उजेडाला धरून डोंगरावरचा वाटला तो चौकोन निवडला. स्कॅनर कण्हत निघाला. पडद्यावर वरनं खाली एकेक ओळ उतरत होती. आधी आभाळ. मग जोतिबाच्या उंच सासनकाठीचा शेंडा. मग एका पोराचं टोपडं.

"हे कुणाचं पोर?" दिनूनं विचारलं.

"तूच की."

त्या फोटोत तोही होता, हे मी त्याला कधी सांगितलं नव्हतं. फोटो निघालाच नसता, तर त्याची आणखी एक गोष्ट हरवली असती.

पोराच्या मुठीत केस आले. केसांखाली कपाळ आलं, डोळे आले, हसणारं तोंड आलं. दिनूचे दोन्ही पाय छातीशी धरलेले हात आले. दिवा फडफडला आणि परत लागला.

सुजातानं डोळ्यांना पदर लावला. "काढू का प्रिंट?"

"थांब," दिनू म्हणाला. "पाय येऊ देत."

आम्ही सगळे थांबलो. धोतर उतरलं, मग पाय आले, अनवाणी, गुलालानं काळे दिसणारे.

दिनूनं चपला काढल्या.