महादू फाटा

कंडक्टर "महादू फाटाऽ!" असं ओरडला, की शेजारच्या पारूबाई मान खाली घालत. दर सोमवारी आम्ही एकाच एसटीने बाजाराला जायचो. एकदा मी सहज विचारलं, "हा महादू कोण हो?"

"माझा नवरा," त्या म्हणाल्या.

ओढ्याला पूर आला होता आणि वऱ्हाडाचा टेम्पो पाण्यात अडकला होता. महादू कमरेला दोर बांधून उतरला. एकेकाला पाठीवर घेऊन त्याने सगळं वऱ्हाड काठावर आणलं. शेवटच्या म्हातारीला वर ढकललं आणि दोर तुटला. गावाने फाट्याला त्याचं नाव दिलं, तिथे पाटी लावली. पारूबाई तेव्हा विशीत होत्या.

पुढे तालुक्याच्या एका शिंप्याने त्यांना मागणी घातली. त्यांनाही तो आवडला होता. पण गावची माणसं दारात आली. "अगं, महादूची बायको तू! फाट्याला त्याचं नाव आहे, आणि तू दुसऱ्याचं लावणार?" शिंपी वर्षभर थांबला, मग त्याने दुसरीकडे लग्न केलं.

मला वाटलं, गावाने उपकार मनापासून स्मरले. पण ते स्मरताना एक जिवंत बाई त्या पाटीला बांधून टाकली. रोज माणसं तिथे उतरतात, चढतात, निघून जातात. यांनाच तेवढं जाता येत नाही.

"राग येतो महादूंचा?" मी विचारलं.

"त्याचा कशाला?" पारूबाई म्हणाल्या. "अडकलेलं माणूस त्याला बघवायचं नाही. मला असं बघितलं असतं, तर त्यानंच म्हटलं असतं, जा गं पारू."