मिलिंदची दारू

मिलिंदच्या बायकोचा, सुजाताचा फोन आला तेव्हा मी मस्कतमध्ये, हमरियातल्या दुकानात भाजी घेत होते. "ताई, मिलिंद गेला," एवढंच बोलली. शूटिंग रेंजवर पोचला, गाडी लावली आणि तिथेच छातीत कळ... आज दीड महिना झाला. माझं रडून झालंय. आता राग तेवढा उरलाय, म्हणून लिहायला बसलेय.

मिलिंद नागपूरचा, इंजिनिअर, मला सख्ख्या भावासारखा. इथे तो एका नेमबाजी संघाच्या कार्यशाळेत रायफलची काडतुसं हाताने भरायचा. "तयार मिळतात की रे," मी एकदा म्हटलं. "ताई, तुमच्या हातचा रस्सा आणि हॉटेलातला एकच का?" म्हणाला, आणि कार्यशाळा दाखवायलाच घेऊन गेला. वापरलेल्या पितळी पुंगळ्या वजनाप्रमाणे निवडून ठेवलेल्या. नाजूक काट्यावर दारू, म्हणजे बंदुकीची, मोजून त्यांत भरायची. मग गोळी किती आत बसवायची, त्यात केसभर फरक करून पुन्हा झाडून बघायचं. एका वेळी बदल एकच. कागदावरची भोकं एकमेकांत मिसळली की स्वारी खूश. बरं, इथल्या उन्हात दारू तापून जोरात पेटते, त्यामुळे थंडीत जमलेलं माप उन्हाळ्यात चालत नाही. पुन्हा पहिल्यापासून. संघातला सालेम घाई करायचा, "यल्ला मिलिंद, खलास?" हा म्हणायचा, "इन्शाल्ला," आणि परत मोजायला लागायचा.

घरी तो या कामाबद्दल मराठीतच बोलायचा. त्याची लेक मैत्रेयी इथल्या शाळेत वाढलेली, तिचं मराठी अडखळत. 'दारू' हा शब्द तिने बापाच्या तोंडून ऐकला तो असा. पिण्याच्या दारूला ती पोरं 'ड्रिंक्स' म्हणतात. आणि मिलिंदने तर आयुष्यात थेंब घेतला नाही, पंचशील पाळणारा माणूस.

इथेच रुवी भागात शोकसभा झाली. पोरगी मुद्दाम मराठीत बोलायला उभी राहिली. "बाबांना दारू खूप... समजायची. रोज मोजून घ्यायचे. एक दाणा जास्त नाही." मागे कुणीतरी फिसकन हसलं. बाहेर चहा घेताना एक गृहस्थ म्हणतात, "तरीच. नाहीतर या वयात हार्ट कसं जाईल?"

"भाऊ, ती बंदुकीच्या दारूचं सांगत होती."

"असेल, असेल," म्हणे, आणि बिस्किट बुडवलं.

आठवड्याभरात ते नागपूरला पोचलं. दिराने सुजाताला फोनवर विचारलं, "वहिनी, दादा प्यायचा हे आमच्यापासून का लपवलं?" तिने काय उत्तर द्यायचं, सांगा. मैत्रेयीने तर मराठी टाकूनच दिलं. मी मराठीत विचारावं, तिने इंग्रजीत उत्तर द्यावं. बापाने दिलेलं जे काही तिच्याजवळ उरलं होतं, तेही तुम्ही शोकसभेतल्या मंडळींनी चहाबरोबर गिळलंत. वर माझा भाचा सुचवतो, "मावशी, लेखात 'पावडर' लिही, वाद नको." का लिहू? शब्द मिलिंदचा आहे, चुकीचा नाही.

परवा त्याचं सामान आणायला मी आणि मैत्रेयी कार्यशाळेत गेलो. सालेमने कपाट उघडलं. आत डबे, आणि प्रत्येकावर मिलिंदच्या हातची मराठी चिठ्ठी चिकटवलेली. सालेम म्हणाला, आम्हाला वाचता येत नाही, हातही लावला नाही. मैत्रेयीने एका चिठ्ठीवर बोट ठेवलं. मग एकेक अक्षर जुळवत मोठ्याने वाचलं, "दारू... उन्हाळ्याची." माझ्याकडे वळून म्हणाली, "बरोबर वाचलं ना, मावशी?"