वाढदिवसाआधीची चौकशी

"आहे ना हा माणूस अजून, बाप्पा?" असं विचारल्याशिवाय काकांनी कधी कुणाला वाढदिवसाच्या शुभेच्छा पाठवल्या नाहीत.

अमेरिकेत, बेलव्ह्यूमधल्या एका कंपनीत काका आणि मी शेजारी बसायचो. ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या लोकांच्या फोनवर रोज सकाळी दिनविशेष जायचा: आज कोणत्या नटीचा, कोणत्या खेळाडूचा वाढदिवस, कोणत्या राजाची पुण्यतिथी. तो तयार करणारे कोण, तर नागपूरचे काका आणि पुण्याचा मी. तुम्हाला हसू येईल, पण काकांचं त्यात सोवळं फार कडक. नाव पाठवण्याआधी तो माणूस हयात आहे ना, हे ते तिकडच्या बातम्यांत बघायचे. गेला असेल तर त्याला पुण्यतिथ्यांमध्ये हलवायचे आणि स्क्रीनला हात जोडायचे.

"काका, तो तुमचा कोण लागत होता?"

"दरवर्षी भेटत होता ना यार."

त्यांची आई नागपुरात अंथरुणाला खिळली होती. भेटायला जायचं तर परत येण्यासाठी व्हिसाचा नवा शिक्का हवा. त्यासाठी तिकडच्या अमेरिकी वकिलातीत मुलाखतीची तारीख मिळत नव्हती, आणि मिळाली की पुढे ढकलली जायची. तिकडे अडकले असते तर नोकरी गेली असती. बायको गेल्यावर एकट्याने वाढवलेल्या मुलीचं कॉलेज इथे अर्ध्यावर होतं. "आईला सांगून राहिलो, थोडी थांब म्हणून," ते म्हणायचे. मला चीड यायची. त्यांची नव्हे, या सगळ्या कारभाराची.

एके दिवशी ऑफिसात असतानाच त्यांच्या भावाने व्हिडिओ कॉल लावला. आईला धाप लागली होती. काका एका हाताने फोन धरून दुसऱ्या हाताने दुसऱ्या दिवशीची नावं पाठवत होते. त्यात एका आयरिश अभिनेत्रीचा वाढदिवस होता. ती त्याच सकाळी वारली होती, आणि पहिल्यांदाच काकांची चौकशी करायची राहून गेली. कॉल चालू असतानाच आईही गेली.

थोरले हे, पण अग्नी धाकट्याने दिला. काका पार्किंगमध्ये गाडीत बसून बघत होते. "फोन जरा वर धर बे, दिसून नाही राहिलं," एवढंच बोलले.

मेलेल्या बाईला दीर्घायुष्य चिंतलं म्हणून लोकांनी कंपनीला धारेवर धरलं. कंपनीने एकाच ईमेलमध्ये आईबद्दल सांत्वन केलं आणि नोकरी संपल्याचंही कळवलं. पाठोपाठ इथे राहण्याचा हक्कही संपला. मुलीचा व्हिसा विद्यार्थ्याचा, वेगळा; तिने कॉलेजजवळ मैत्रिणीच्या खोलीत सामान हलवलं.

काका निघाले तेव्हा आईचा तेरावाही उलटून गेला होता. विमानतळावर मी सोडायला गेलो. "बाबा, लँड झालात की टेक्स्ट मी," मुलगी म्हणाली. त्यांनी मान डोलावली, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि माझ्याकडे वळले.

"सोपं होतं पहा," ते म्हणाले. "परत यायचं नसलं की केव्हाही जाता येते."