तळहातावरची गोळी

ही गोष्ट सांगायची मी कित्येक वर्षं टाळली. अंबरनाथला आमच्या ख्रिस्ती मंडळीत मी वडील, म्हणजे चर्चचा एल्डर होतो. उपास-प्रार्थनेला एक बाई यायच्या. त्यांना कानात आवाज ऐकू यायचे, डॉक्टरांचं औषध चालू होतं. प्रार्थना संपली की त्या गोळी तळहातावर घेऊन, डोळे मिटून "आमेन" म्हणायच्या आणि गिळायच्या.

एकदा मी त्यांच्या कपाळाला तेल लावून सर्वांदेखत गरजलो, "दुष्टात्म्या, नीघ!" मग म्हणालो, "विश्वास असेल तर आता गोळ्या सोडा."

त्यांनी पदराने तेल टिपलं. "अंकल, तुम्ही डायबेटिसची गोळी घेता, तेव्हा विश्वास कुठे ठेवता?"

त्या पुन्हा आल्या नाहीत. माझं ऐकून त्यांनी औषध सोडलं असेल, ही धास्ती मात्र माझ्याजवळ राहिली.

परवा बदलापूरला, शिरगावच्या बाजारात त्याच बाई एका कोळणीशी भांडताना दिसल्या. "हे बोंबील ताजे? मान टाकून पडलेत की गं!"

मला पाहून हसल्या. "सलाम, अंकल. गोळ्या चालू आहेत हं!"

छातीवरचा धोंडा उतरला. मी नुसतं "सलाम" म्हणालो. म्हणायचं होतं ते वेगळंच: ताई, तुमच्यात भूत नव्हतं. तुम्ही आजारी होता आणि मी तुम्हाला चारचौघांत सैतानाचं घर ठरवलं. मला माफ करा.