कालवांत नसलेलं प्रथिन

आमच्या खडकांवरची कालवं एका सॉफ्टवेअरमधल्या आकड्यापायी गेली, असं सांगितलं की लोक हसतात. मला अजून हसू आलेलं नाही.

मी तेव्हा मुंबईत संशोधन करत होते. विषय माझाच होता: श्रीवर्धनकडच्या आमच्या किनाऱ्यावरच्या कालवांतली प्रथिनं. नमुने मावशीने दिले. ओहोटीला ती आणि गावातल्या बायका खडकांना चिकटलेली कालवं फोडायच्या आणि शिंपल्यातलं मांस म्हसळ्याच्या बाजारात विकायच्या. बर्फाचा डबा भरून देताना तिने विचारलं, "यात काय बघायचा हाय तुला?"

"आत काय काय आहे ते."

"मांस हाय," ती म्हणाली आणि बाकीच्या बायका खिदळल्या.

यंत्र प्रथिनांचे तुकडे करतं आणि त्या तुकड्यांची वजनं घेतं. सॉफ्टवेअर ती वजनं माहीत असलेल्या प्रथिनांशी जुळवून नावं देतं. पण त्याला काहीही द्या, ते काहीतरी जुळवतंच. म्हणून खऱ्या प्रथिनांत मुद्दाम उलटी लिहिलेली, जगात कुठेच नसलेली प्रथिनं मिसळायची असतात. ती भराभर जुळायला लागली, की समजायचं, आपण कचरा गोळा करतोय. किती चूक चालवून घ्यायची हा आकडा मात्र माणसानेच ठरवायचा.

मी आकडा कडक ठेवला होता. नावं थोडी मिळाली. आमच्या कालवाच्या जातीची माहितीच कुठे भरलेली नव्हती, सगळं परदेशी कालवांशी जुळवावं लागत होतं. "एवढ्यावर कोण छापणार?" असं म्हणून माझे मार्गदर्शक सर माझ्याच खुर्चीत बसले आणि त्यांनी आकडा सैल केला. पडदा नावांनी भरला. त्यात एक प्रथिन असं होतं, की ते परदेशी कालवांत असतं आणि माणसाच्या सांध्यांची सूज उतरवतं म्हणतात.

"सर, हे एकाच तुकड्यावर उभं आहे. जुळणीचे त्याच्याएवढेच गुण खोट्या प्रथिनांनाही मिळालेत."

"मग खोटी दाखवतेस कशाला? बंद कर ते."

मी केलं नाही. त्यांनी हात लांब करून माझ्यासमोर बंद केलं. मी शोधनिबंधावरून माझं नाव काढायला लावलं. त्यांना त्याचं काहीच वाटलं नाही.

मग पेपरात आलं: कोकणातल्या कालवांत सांधेदुखीवर औषध. सोबत सरांचा हसरा फोटो. पाठोपाठ गावात टेम्पो आले. व्यापाऱ्यांना कालवं शिंपल्यासकट हवी होती, लहानमोठं कसंही. बायका बारकी कालवं सोडून द्यायच्या. बाहेरून पहारी घेऊन आलेल्या माणसांनी काहीच सोडलं नाही. मी गेले तेव्हा खडक जागोजाग सोलल्यासारखे दिसत होते. मावशी पाण्यात उभी होती.

"बियाणाला पन ठेवला न्हाय मेल्यांनी," ती म्हणाली. "तुज्या सायेबान सांगितला ना, औषद हाय म्हनून?"

"औषध नाही गं. ते प्रथिन त्यात सापडलंच नाहीये."

"मग पेपरात कसा आला?"

मी तिला सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "म्हंजे मुद्दाम केलान?" मी 'हो' म्हटलं.

परत आल्यावर मी सरांच्या खोलीत गेले. ते 'बस' म्हणाले तरी बसले नाही. आकडा पुन्हा कडक करून, खोटी प्रथिनं मिसळून त्यांच्याच संगणकावर सगळं चालवून दाखवलं. ते नाव नाहीसं झालं.

"अगं, सगळेच थोडं सैल धरतात," ते म्हणाले. "आणि मी कुणाला खडक फोडायला सांगितलं नव्हतं."

मी आयुष्यात पहिल्यांदा वरिष्ठ माणसावर ओरडले. बाहेर व्हरांड्यात मुलं थांबून ऐकत होती, तरी ओरडले. मग मूळ फायलींसकट निबंध छापणाऱ्या मासिकाच्या संपादकांना लिहिलं. बरेच महिने गेले. शेवटी निबंधाखाली बारीक अक्षरांत दुरुस्ती आली, की त्या प्रथिनाची ओळख ग्राह्य धरू नये. कोणत्याही पेपरात ती आली नाही. टेम्पो त्याआधीच बंद झाले होते. व्यापाऱ्यांनी माल दुसरीकडे तपासून घेतला होता आणि त्यांना काही मिळालं नव्हतं. हे गावात येऊन सांगायची तसदी कुणी घेतली नाही.

बायकांनी मग स्वतःच ठरवलं, की खडकांना कुणी हात लावायचा नाही. बाहेरच्या एका टोळीला त्यांनी शिव्या देऊन हाकललं; मावशी सगळ्यात पुढे होती. मी गेल्या ओहोटीला जाऊन पाहिलं. सावलीच्या बाजूला नखाएवढी कालवं धरलीत, तीही विरळ. मावशी सध्या सुपारीच्या वाडीत कामाला जाते.

सर आता तेच सॉफ्टवेअर कसं वापरावं, यावर ठिकठिकाणी व्याख्यानं देतात. परवा मलाही निमंत्रण आलं. मी उलट टपाली विचारलं, सरांनी आकडा किती ठेवलाय? उत्तर आलेलं नाही.