कोर्ट उठेपर्यंत

पट्टीकाकांचं खरं नाव गल्लीतल्या निम्म्या लोकांना समन्स आलं तेव्हा कळलं. एकतीस वर्षं ते डॉक्टरांच्या दवाखान्यात कंपाउंडर. औषधाच्या बाटलीवर कागदाची पट्टी चिकटवायचे, पट्टीच्या कडेला कात्रीने खाचा. एक खाच, एक डोस. ज्याची नजर अधू, त्याच्यासाठी पट्टी जाड पुठ्ठ्याची, म्हणजे अंगठा फिरवला की खाच लागावी. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

डॉक्टर गेले. दुसऱ्या दिवशी काका कुलूप लावायला गेले, तर बाकावर सहा माणसं.

"अहो, डॉक्टर गेले आपले."

"तुम्ही आहात ना?"

इथेच पाय घसरला. नऊ वर्षं काका तपासत राहिले. ताप, खोकला, पोटदुखी. छातीत दुखतंय म्हटलं, बाळंतीण आली, तान्हं मूल आलं, की बाटलीला हातही न लावता रिक्षात बसवून मोठ्या दवाखान्यात. पण परवाना तो परवाना. तपासणीवाले आले, दाराला सील लागलं. परवान्याशिवाय डॉक्टरकी केल्याचा गुन्हा, तीन वर्षांपर्यंत कैद. काकांचं वय अडुसष्ट.

वकील म्हणाले, "काका, सोपं आहे. डॉक्टरांच्या जुन्या चिठ्ठ्यांवरची औषधं द्यायचात, तपासत नव्हतात. साक्षीदारांनी एवढंच बोलायचं. झाकली मूठ आहे, ती उघडू नका."

इस्त्रीवाल्या मावशींनी ते वाक्य आठ दिवस कपड्यांच्या घडीबरोबर घोकलं. पिंजऱ्यात नीट म्हणूनही दाखवलं. मग सरकारी वकिलांनी हळूच विचारलं, "म्हणजे या माणसाला औषधातलं काही कळत नव्हतं? नुसता बाटल्या पुसायचा?"

मावशींच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"बाटल्या पुसायचा? अहो, नाडीवर दोन बोटं ठेवली की ताप किती ते सांगायचे! मोठमोठ्यांनी हात टेकले तो माझा खोकला यांनी बरा केला. ही बघा!" आणि त्यांनी पिशवीतून पुठ्ठ्याची पट्टी लावलेली बाटली काढून थेट न्यायाधीशबाईंसमोर धरली.

मागच्या बाकांवरून आवाज आले, "माझापण केला!" "आमच्या ह्यांचापण!" सगळ्यांनी मिळून प्रेमाने काकांचा गुन्हा शाबित केला. वकिलांनी कपाळाला हात लावला आणि काकांच्या कानाशी कुजबुजले, "म्हणा, बाईंचं वय झालंय, त्यांना आठवत नाही. अजून वाचाल."

काकांनी मावशींकडे पाहिलं. आयुष्यभर दुसऱ्यांचे कपडे सरळ करून पाठ वाकलेली ती बाई ताठ उभी होती. तिला खोटं पाडायचं, की तीन वर्षं आत जायचं?

"मावशींची आठवण पक्की आहे, बाईसाहेब," काका म्हणाले. "मी तपासत होतो. परवाना नव्हता. डॉक्टर म्हणायचे, तुझ्या चुकीने जीव जातो तो दुसऱ्याचा. कायदा त्याचसाठी आहे. इतकी वर्षं चुकलो नाही, पण ते नशीब. त्याला शिक्षण म्हणता येत नाही."

न्यायाधीशबाई बराच वेळ कागद चाळत राहिल्या. या नऊ वर्षांत कुणाला इजा झाल्याची एकही तक्रार नव्हती. मग त्यांनी निकाल सांगितला. दंड, पुन्हा असं न करण्याची ताकीद, आणि कोर्ट उठेपर्यंत कैद. म्हणजे संध्याकाळपर्यंत समोरच्या बाकावर बसून राहायचं.

मावशी शेजारी येऊन बसल्या. "मीच तुम्हाला अडकवलं हो. हात दाखवून अवलक्षण."

"तुम्ही खरं बोललात."

"आणि माझी बाटली? पुराव्यात ठेवून घेतली. दोन डोस उरले होते."

बोलता बोलता त्यांना ठसका लागला. खोल, कोरडा. काकांचा हात सवयीने त्यांच्या मनगटाकडे निघाला. "किती दिव..." इतकं तोंडातून गेलंही. वरून न्यायाधीशबाईंनी चष्म्याच्या कडेने पाहिलं. काकांनी हात परत घेतला आणि स्वतःच्या मांडीखाली दाबून ठेवला.

"मावशी, उद्या आठला तयार राहा. मोठ्या दवाखान्यात जायचं. मी येतो बरोबर."

"तुम्ही काय करणार तिथे?"

"रांगेत उभा राहणार. त्याला परवाना लागत नाही."

पाच वाजता शिपायाने पुकारा केला. कोर्ट उठलं. काकांनी मांडीखालचा मुंग्या आलेला हात काढला आणि मावशींना उठायला पुढे केला.